फाडलेलं खोकं

नवा पार्ट गाडीला बसवून झाला की हिराजीभाऊ हात पुसायच्या आधी खोकं फाडायचे. पुठ्ठ्याचं रिकामं खोकं उलगडून सपाट करायचं, त्यावरचा कंपनीचा चकचकीत शिक्का स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं खरवडायचा, मग चार तुकडे करून पंक्चर तपासायच्या टाकीत बुडवायचे. टाकीतलं पाणी त्यामुळे कायम करड्या रंगाचं असे. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस कशावर तरी चिडलेला आहे. गाडीतून निघालेला जुना पार्टही ते तसाच टाकत नसत. करवतीनं कापून त्याचे दोन तुकडे करत आणि मगच भंगारात टाकत.

लोधिवलीच्या अलीकडे, जुन्या हायवेला लागून त्यांचं पत्र्याच्या शेडचं गॅरेज होतं. हिराजी भोईर हे नाव बाहेर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी कर्जतला भिसेगावात राहते आणि शाळेच्या मुलांसाठी दोन व्हॅन चालवते. एक माझ्याकडे असते, दुसरी माझ्या धाकट्या दिरांकडे. दोन्ही गाड्यांची एक वही आहे. काय बदललं, कधी, किती किलोमीटरला, सगळं तिच्यात असतं. पहिल्यांदा हिराजीभाऊंकडे गेले तेव्हा नऊ कामांची यादी घेऊन गेले होते. त्यांनी गाडीखाली डोकं घातलं, बाहेर आले, माझ्याच पेनानं चार कामं खोडली आणि म्हणाले, "ह्याची गरज नाय. यादी लांब झाली म्हंजी गाडी चांगली व्हत नाय गं ताई." माझ्या यादीतलं काम कमी करणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. कर्जतात गॅरेजं असूनही मी लोधिवलीपर्यंत जात राहिले.

पार्टांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं. कंपनीचा नको असेल, लोकल घ्या, त्यांची काही तक्रार नसे. डुप्लिकेट मात्र नाही. मला सुरुवातीला दोन्हींतला फरक कळत नसे. ते म्हणाले, "लोकलवाला सोताच्या नावानं उभा हाय. माल वाईट निघाला तं मी त्याला शिव्या घालू शकतो. डुप्लिकेटवाल्याला शिव्या घालायच्या तं कुनाला घालू? खोक्यावर नाव दुसऱ्याचंच."

एकदा नेरळकडच्या फार्महाऊसचा एक तरुण मालक चार चाकं घेऊन आला. मोठ्या परदेशी कंपनीचं नाव असलेली, पण नक्कल.

"काका, दिसायला सेम आहेत. कुणाला कळणार?"

"खड्ड्याला कळंल," हिराजीभाऊ म्हणाले.

तो हसला. मग पिशवीतून त्याच कंपनीचं चकचकीत नाव काढून म्हणाला, "बरं, निदान हे तरी मागे चिकटवा." ते त्यांनी निमूट चिकटवून दिलं. तो गेल्यावर मी विचारलं, "भाऊ, हेही खोटंच की."

"हाय की. पन ती लबाडी त्याच्या एकट्याची हाय. चाकातली, ब्रेकातली लबाडी मागं बसलेल्यांची व्हते."

हे सगळं ते फार ठामपणे बोलत. पण खोकी फाडायची सवय त्यांना पहिल्यापासून नव्हती. ती कुठल्या दिवशी लागली हे मला माहीत आहे, कारण त्या दिवसात माझाही वाटा आहे.

तीन-चार वर्षांपूर्वीचा श्रावण होता. माझ्या व्हॅनचे पुढचे ब्रेक पॅड झिजले होते. शनिवारी गाडी नेली. भाऊ म्हणाले, पॅड संपलेत, सोमवारी पनवेलच्या डीलरकडून आणतो, मंगळवारी गाडी घेऊन जा. माझ्या वहीत 'सोमवार सकाळ' लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, सोमवारी अकरा मुलं आहेत. काहीतरी करा ना." त्यांनी मान हलवली. त्याच दुपारी, मोटरसायकलवर पार्ट घेऊन गॅरेजोगॅरेज फिरणारा एक विक्रेता आला. वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. त्याच्याकडे नेमके तेच पॅड होते, कंपनीच्या खोक्यात. भाऊंनी शिक्का पाहिला, चार खोकी घेतली आणि पनवेलची खेप वाचवली. सोमवारी सकाळी मी मुलांना शाळेत सोडलं आणि वहीत बरोबरची खूण केली.

दहा दिवसांनी, मुलांना सोडून परतताना, ब्रेक दाबला की खरखर येऊ लागली आणि करपल्याचा वास. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हळूहळू, मी गाडी तशीच लोधिवलीला नेली. खरखर सुरू व्हायच्या पाऊण तास आधी याच गाडीत मुलं होती.

भाऊंनी चाक खोललं. पॅडवरचा थर लोखंडी पट्टीपासून सुटला होता आणि बोटानं दाबला की नानकटाईसारखा भुगा होत होता. कोपऱ्यात रिकाम्या खोक्यांचं पोतं होतं. भंगारवाला महिन्याकाठी ते घेऊन जायचा. त्यातून त्यांनी माझ्या पॅडचं खोकं शोधून काढलं, उजेडात धरलं, शिक्का चोळून पाहिला.

"खोकं तं खरं हाय," ते म्हणाले आणि त्यांनी झाकण आतून उलटं केलं. तिथं पेन्सिलीनं एका गाडीचा नंबर लिहिलेला होता. अक्षर त्यांचंच. नंबर माझ्याच व्हॅनचा.

मागवलेला पार्ट दुसऱ्या गाडीला जाऊ नये म्हणून ते झाकणाच्या आत नंबर लिहून ठेवत. मी विचारलं, "हा आत्ता लिहिलात का?"

"नाय गं. आवंदा कुठं लिवलं? लगेच बसवलं ना."

मी वही उघडली. चौदा महिन्यांपूर्वी हेच पॅड बदलले होते, डीलरकडून आणून. म्हणजे त्या वेळचं हे खोकं पोत्यातून भंगारात गेलं, भंगारातून ते कुणीतरी निवडून घेतलं, आत खोटा माल भरला आणि ते फिरून याच गॅरेजात आलं. माझ्याच गाडीसाठी.

हिराजीभाऊ जुन्या टायरवर बसले. "मीच पुरवलं गं ताई," ते म्हणाले.

माझा जीवही थाऱ्यावर नव्हता, पण अशा वेळी मला लिहिल्याशिवाय सुचत नाही. "चार खोकी घेतली होती ना? सांगा." एक माझ्या गाडीत. एक फळीवर, न उघडलेलं. तिसरं जवळच्या चौक गावातल्या एका गुरुजींच्या गाडीत. त्यांना फोन लागला, गाडी दारातच होती, बाहेर काढू नका म्हटलं. चौथं लहूच्या व्हॅनमध्ये. लहू डोंगरावरच्या उंबरवाडीचा. रानभाजी विकणाऱ्या बायकांना तो कर्जतच्या बाजाराला आणायचा. दहाला वर जायचा, अकराच्या सुमारास गाडी भरून उतार उतरायचा. वाडीत रेंज नव्हती. घड्याळात दहाला पाच कमी होती.

नंतरच्या पनवेलच्या खेपेत डीलरकडून आणलेला एकच संच गॅरेजात होता, बिल टाचलेला. तो माझ्या दुसऱ्या व्हॅनसाठी राखून ठेवलेला होता. भाऊंनी तो हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटांनी शाळा सुटायची होती आणि माझी गाडी चाक काढून उभी होती. हा संच तिला बसवला असता तर मी वेळेत पोचले असते.

"तुझी गाडी उभी हाय," ते म्हणाले. "उभी गाडी कुनाला मारत नाय."

मी दिरांना फोन करून दोन फेऱ्या करायला सांगितलं. शाळेत कळवलं, अकरा मुलांना उशीर होईल, आवारातच बसवून ठेवा. भाऊंनी गॅरेजातल्या स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव. मी हत्यारं धरतो."

सगळ्या रस्त्यात ते मागे हत्यारांची पिशवी मांडीवर धरून बसले होते आणि प्रत्येक वळणाला विचारत होते, "दिसतीय का?" रस्ता ओला, कडेला झाडी वाढलेली. वरून हॉर्न आला की मी स्कूटर कडेला घ्यायचे. एकदा दुधाचा टेंपो निघाला, एकदा नुसताच मोटरसायकलवाला. वळणावरून खाली ओढ्यात पाहायची मला हिंमत होत नव्हती, तरी मी पाहत होते.

वाडीत पोचलो तेव्हा व्हॅन भरलेली होती. नऊ बायका, टपावर कंटोलीच्या पाट्या, इंजिन चालू. मी स्कूटर थांबवायच्या आत भाऊ उतरले, एक दगड लोटून त्यांनी व्हॅनच्या पुढच्या चाकाला लावला आणि त्याच्यावर बसले.

"ओ हिराजीशेठ, उठा की!" लहू खिडकीतून ओरडला. "बाजार उठंल माझा!"

"चाक खोलायचं हाय."

"ब्रेक झ्याक लागतोय. आत्ताच तं वर आलो."

"वर यायाला ब्रेक लागत नाय रं. खाली जायाला लागतो. बंद कर गाडी."

मागच्या खिडकीतून एका म्हातारीनं, सकूबाईनं, डोकं बाहेर काढलं. "म्हाताऱ्याला येळ जात नाय वाटतं. आमची कंटोली पिवळी पडली तं तू घेशील का रं?"

"घेतो. सगळी घेतो. आदी उतर गं बाय."

बायका कुरकुरत उतरल्या. चाकं खोलता खोलता भाऊंनी सगळ्यांसमोर सांगितलं, खोटा माल मी बसवला, खोकं माझ्याच गॅरेजातून गेलं होतं, ताईच्या गाडीत पॅडचा भुगा झाला. तो विक्रेता, भंगारवाला, कुणाचंच नाव त्यांनी घेतलं नाही. माझ्या 'सोमवार सकाळ'चाही उल्लेख केला नाही. मी बाजूला पाना धरून उभी होते. ते मीच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

चार पॅड बाहेर आले. चारही शाबूत. भाऊंनी ठोकून पाहिले, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटून पाहिले. एकही सुटला नाही. बायका खो खो हसायला लागल्या. "चांगलं काढतंय नि चांगलं बसवतंय!" सकूबाई म्हणाली. "ह्याला जेवान तरी द्या गं कुनी, उपाशी दिसतोय."

लहू मात्र हसला नाही. त्यानं नवा पॅड हातात घेऊन उलटासुलटा केला. "भाऊ, मंग हे तरी खरं कशावरनं?"

हिराजीभाऊंनी हातातला नट आवळला. मग म्हणाले, "बिल हाय, डीलरचं. पन बिल बी छापता येतंय. खरं सांगू? पुरी खात्री नाय. आजपासनं आठ दीस रोज खाली आलास की माझ्याकडं चाक दाखवून जायाचं. मी हाय तितं."

उतरताना व्हॅन पुढे आणि आम्ही मागे. प्रत्येक वळणाला तिचे मागचे लाल दिवे लागत आणि दर वेळी माझ्या कानामागून भाऊ म्हणत, "लागला." शेवटचं वळण संपून रस्ता सपाट झाला तेव्हा ते एवढंच बोलले, "बरं झालं, हसल्या."

माझी मुलं घरी पोचायला दीड वाजला. दोन पालकांनी मला नीट सुनावलं. मी ऐकून घेतलं.

संध्याकाळी वहीतलं एक पान फाडून मी त्यावर लहूचं नाव लिहिलं, पुढे आठ चौकोन आखले आणि दुसऱ्या दिवशी ते गॅरेजात लावलं. आठही चौकोन भरले. लहूचे जुने पॅड खरे होते की खोटे, ते कधीच कळलं नाही. भाऊंनी ते कापून टाकले. विक्रेत्यानं मुलांची शपथ घेतली की मला माहीत नव्हतं. त्यावर भाऊ मला म्हणाले, "मलाबी कुठं माहीत होतं?" पण त्याच्याकडून पुन्हा काही घेतलं नाही. आणि पोत्यातली सगळी खोकी आम्ही दोघांनी बसून फाडली.

पुढे हायवेवरचे बाकीचे मेकॅनिक त्यांची थट्टा करत. "भाऊ, तुमी एकल्यानं फाडून काय व्हनार?" ते म्हणत, "माझं खोकं तरी माझ्याकडं परत येनार नाय." ह्यातून ते निर्धास्त झाले असं मात्र नाही. पूर्वी ठामपणे बोलणारा हा माणूस त्या दिवसानंतर गाडी देताना दर वेळी रस्त्यापर्यंत चालत यायचा आणि पहिला ब्रेक लागेपर्यंत बघत उभा राहायचा. मीही बदलले. वहीतला 'कधीपर्यंत' हा रकाना अजून आहे. ब्रेकच्या कामापुढे मी तो कोरा सोडते.

गेल्या थंडीत हिराजीभाऊ गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. त्यांची मुलगी खोपोलीला असते. गॅरेज रिकामं करायच्या दिवशी तिनं मला बोलावलं, "ताई, यादी तुम्हीच करा, मला काही सुचत नाही." मी केली. जॅक, पाने, स्कूटर, टाकी. भंगारवाला दाराशी टेंपो लावून उभा होता. वरच्या फळीवर, बिलांच्या शेजारी, एक अख्खं खोकं निघालं. आत माझ्या गाडीचे ते भुगा झालेले पॅड आणि झाकणाच्या आत पेन्सिलीनं माझा नंबर. एवढं एकच त्यांनी फाडलं नव्हतं. रोज काम करताना मान वर केली की दिसेल, अशा जागी ठेवलं होतं.

"मॅडम, वो डब्बा रहने दो," भंगारवाला म्हणाला. "अच्छा है, फटा नहीं है."

मी शिक्का खरवडला, चार तुकडे केले आणि टाकीतल्या करड्या पाण्यात बुडवले. पेन्सिलीची अक्षरं पाण्यात लवकर जात नाहीत. नंबर बराच वेळ वाचता येत होता. शाळा सुटायला अवकाश होता. पुठ्ठ्याचा लगदा होईपर्यंत मी टाकीपाशी उभी राहिले.