आबा मोटार बघायला गेले

पाणी आबांच्या हनुवटीला लागलं तेव्हा त्यांचा डावा पाय मोटारीच्या मागच्या चाकाखाली होता, आणि तरीही ते म्हणत होते, "थांबा जरा. भरती उचलील तिला."

मी मागून त्यांचं डोकं पाण्यावर धरून बसले होते. मोटारीचे मालक, मुंबईचे छोटे शेठ, सीटवर उभे होते. त्यांना पोहता येत नव्हतं. "तांडेल, ही होडी नथी," ते म्हणाले. "हिला कोण उचलणार?"

आबा म्हणजे माझे सासरे, थळ गावच्या कोळ्यांतले तांडेल, दोन होड्यांचे मालक. होडी वाळूत रुतली की आमच्यात कोणी खणत बसत नाही. विडी पेटवायची आणि भरतीची वाट बघायची. पाणी आलं की होडी आपोआप उठते. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, आणि मोटारीलाही तेच लावलं.

कोणतीही जुनी वस्तू घ्यायची तर आबांचं एक ठरलेलं होतं. "वस्तू तिच्या वाईट दिवशी बगावी. चांगल्या दिवशी समदीच चांगली असतात." होडी विकणारा तिला रंग देऊन ठेवायचा. आबा रंग लागायच्या आधीच, ओहोटीला ती कुशीवर पडलेली असताना जायचे आणि फळ्यांना नख लावून बघायचे. माझ्या बाबतीतही तेच. मुलगी बघायला सोमवारी येतो असा निरोप दिला आणि आले शनिवारी. मी बोंबील वाळत घालत होते. अंगात ताप, हातांना वास, आणि कावळ्यांना शिव्या चालल्या होत्या. माझी आई शरमेनं आत पळाली.

आबांनी विचारलं, "लिवता-वाचता येतं?"

"चौथीपर्यंत," मी म्हटलं. "तुम्हाला?"

"न्हाय," ते म्हणाले, आणि तिथल्या तिथे सुपारी फुटली.

ही मोटार आमच्याकडे आली ती मिठाच्या सत्याग्रहानंतर दोन-तीन वर्षांनी. छोटे शेठ उन्हाळ्यात त्यांच्या बंगल्यावर यायचे. मोटार इटलीची, शर्यतीची, लाल. वर टप नाही, सामानाला जागा नाही, माणसं दोनच बसणार. आमच्या रस्त्यावर ती बैलगाडीच्या मागे मागे चालायची, म्हणून शेठना तिचा कंटाळा आला होता. त्यांना फिरायला शिडाची होडी हवी होती. आबांना हवं होतं मोटारीचं इंजिन. वारा पडला की मासळीनं भरलेल्या होड्या मुंबईच्या वाटेवर उभ्या राहायच्या आणि बंदराला लागेपर्यंत मासळीचं खत व्हायचं. "थोरल्या होडीत इंजिन बसवला की वाऱ्याची मिजास संपली," आबा म्हणायचे. बोलणं असं झालं की मोटार पसंत पडली तर तिच्या बदल्यात धाकटी होडी द्यायची.

धाकटी होडी माझा नवरा चालवत होता. इंजिन चाललं नाही तर तो दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होणार, हे मला दिसत होतं. मी आबांना तोंडावर सांगितलं, "द्यायची तर थोरली द्या."

"थोरली जड हाय. शेठ बुडवील तिला."

"आणि धाकटी गेली की आम्ही काय करायचं?"

"म्हणून तर बगायला चाललोय गो. तू पण चल. मोटारीचा कागद वाच."

आम्ही बंगल्यावर गेलो. कागद इंग्रजीत होता. मी तो उलटसुलट करून परत दिला.

आबांनी मोटारीभोवती तीन फेऱ्या मारल्या. पत्र्याला नख लावलं, चाकाचं रबर दाबलं, इंजिन चालू करायला लावून झाकणाला कान लावला. "आवाज बरा हाय. पर हा सुक्यातला आवाज," ते म्हणाले. मोटार ओहोटीच्या ओल्या वाळूवर चालवून दाखवा, असं त्यांनी सांगितलं. समुद्रात जाणारं इंजिन अंगणात बघून काय कळणार?

वाळूवर मोटार छान पळाली, ते खोटं सांगणार नाही. आबा डोक्यावरची टोपी हातात धरून शेजारी बसले होते. दोन फेऱ्या झाल्यावर पाण्याच्या कडेला त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. थंड झाल्यावर पुन्हा चालू होतं का, ते त्यांना बघायचं होतं. मी चालत तिथे पोचले तेव्हा शेठ म्हणत होते, "भरती सुरू झाली, तांडेल."

"भरती मला सांगू नका."

इंजिन थंड झालं तोवर चाकं अर्धी रुतली होती. इंजिन चालू झालं, पण चाकं जागच्या जागी फिरून आणखी खाली गेली. मी म्हटलं, खणू या. आबांनी विडी पेटवली. ती संपली, दुसरी संपली. पाणी मोटारीत शिरलं, इंजिन बंद पडलं आणि मोटार तसूभरही उठली नाही. तेव्हा कुठे आबा उतरले. वाहून आलेली एक फळी चाकाखाली सरकवायला ते खाली बसले, आणि लाटेनं मोटार कलली ती त्यांच्या पायावर.

गडी सगळे समुद्रात होते. मासळी वाळवणाऱ्या बायका किनाऱ्यावरून धावत निघाल्या होत्या, पण लांब होत्या. मी शेठना म्हटलं, "उतरा खाली."

"मला पोहता येत नाही, बेन."

"पोहायला कोण सांगतंय? खणायचं आहे. नाक धरा आणि बसा."

ते उतरले. पाण्याखाली गेले, वर आले, खोकले, पुन्हा गेले. चेहरा पांढरा पडला होता, तरी हातांनी चाकाखालची वाळू उपसत राहिले. आबांच्या तोंडात पाणी जायला लागलं आणि त्यांचं बोलणं बंद झालं, तेव्हा पाय सुटला. घोटा मोडला होता. बायका पोचल्या आणि आम्ही त्यांना उचलून किनाऱ्यावर आणलं. पाय भरतीनंच सोडवला, असं आबा पुढे जन्मभर सांगत राहिले.

आठ दिवसांनी शेठ भेटायला आले. आबा खाटेवरून म्हणाले, "मोटार माझ्या सांगण्यावरनं बुडली. होडी तुमची झाली."

मी चुलीपाशी होते. भाकरी तव्यावर करपली तरी मला कळलं नाही.

शेठ म्हणाले, "तांडेल, होडी नको. मी आता बादलीतलं पाणी बघूनसुद्धा घाबरतो. इंजिन लागलं तर ठेवून घ्या."

ते गेल्यावर मी विचारलं, "वाळूवर चांगली पळाली होती. रुतली नसती तर घेतली असती का?"

"रुतल्याबिगर कसा कळणार?" आबा म्हणाले. "रुतली तवा उठली न्हाय. आपल्या कामाची न्हाय."

"आणि शेठ?"

"तो कामाचा हाय. त्याला वाईट दिवशी बगितला मी."

इंजिन बैल लावून बाहेर काढलं. आबांनी ते तेलात बुडवून ठेवलं, पण ते काही चालू झालं नाही. शेवटी दोर बांधून धाकट्या होडीचा नांगर म्हणून वापरलं. ती होडी माझ्या नवऱ्यानं शेवटपर्यंत चालवली. आबा लंगडत आणखी पंधरा वर्षं जगले आणि घरी खाटेवरच वारले.

त्या दिवशी पाण्यात आम्ही तिघं होतो. तिघंही वाचलो.