चौदा कॅरट

सोन्याची पारख मला आहे, असं मी जन्मभर सांगत आलो होतो. मामांची पुण्यात सराफी पेढी होती आणि शाळेच्या सुट्ट्या मी त्या पेढीच्या गादीवर लोळून काढल्या होत्या. एवढ्याशा भांडवलावर मी कुणाच्याही हातातली बांगडी बघून "बावीस" नाहीतर "तेवीस" म्हणायचो आणि चारचौघांत भाव खायचो. बरोबर आलं की गावभर सांगायचो आणि चुकलं की बांगडीला नाव ठेवायचो.

दोन हजार पाच-सहाचा सुमार होता. कंपनीने मला आइंडहोव्हनला पाठवलं होतं आणि आम्ही नवरा-बायको जवळच न्यूनेनला राहत होतो. शेजारी ऐंशीच्या घरातले एक डच गृहस्थ एकटेच राहायचे. आमच्या दोघांत आम्ही त्यांना आजोबा म्हणायचो. एकदा ते चहाला आले आणि त्यांनी माझ्या बायकोच्या पाटल्यांचं कौतुक केलं. झालं, माझी टकळी सुरू झाली. मामा, पेढी, कसोटीचा दगड, सगळं ऐकवलं. आजोबांनी निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला एका ठिकाणी सोनं शोधायचंय. तू येशील?"

गोष्ट त्यांच्या पत्नीच्या लग्नातल्या अंगठीची होती. चाळीसेक वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या पाइनच्या जंगलात ब्लूबेरी वेचताना ती बोटातून गळून पडली, असं पत्नीने सांगितलं होतं. त्याच आठवड्यात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. आजोबा तिला म्हणाले, अंगठी हरवली नाही, तूच रागाने कालव्यात फेकलीस. ती नाही म्हणाली. मरेपर्यंत ती नाहीच म्हणत राहिली, आणि यांना काही ते पटलं नाही. ती गेली आणि मग मात्र संशय यांनाच खायला लागला. आता ते जंगल तोडून तिथे पुन्हा माळरान करायचं काम निघालं होतं. आजोबांनी परवानगी काढली, मेटल डिटेक्टर विकत घेतला, पण गुडघे साथ देईनात. "अंगठी तिथे सापडली तर ती खरं बोलत होती," ते म्हणाले. "मला तेवढंच कळायला हवंय."

शनिवारी सकाळी गेलो. हॉलंड सपाट असतं असं म्हणणाऱ्याने ती जागा बघावी. झाडांचे बुंधे मुळांसकट उपटलेले, जिकडेतिकडे कमरेएवढे खड्डे, त्यांत गढूळ पाणी आणि मध्ये यंत्रांच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या. आजोबा वाटेवर घडीची खुर्ची टाकून बसले. मी कानाला हेडफोन लावून डिटेक्टर फिरवत, ठेचकाळत पुढे. त्यांची अट एकच होती. जे सापडेल ते, मग कॅनचं झाकण का असेना, बादलीत टाकून त्यांना आणून दाखवायचं. ते एकेक वस्तू हातात घेऊन, फडक्याने पुसून, चष्मा वर करून बघायचे.

पहिल्या दोन शनिवारी मी शिस्तीत वागलो. झाकणं, खिळे, काडतुसांच्या टोप्या, तारांची भेंडोळी, बादलीच्या बादल्या नेऊन दिल्या. तिसऱ्या शनिवारी दुपारी आम्हाला अ‍ॅमस्टेलव्हीनला मित्राकडे दिवाळीच्या फराळाला जायचं होतं. बायकोचे दोन फोन येऊन गेले होते. बुटांत पाणी शिरलेलं, बोटं बधिर. आणि डिटेक्टर पुन्हा किंचाळला.

खणलं. चिखलाने भरलेलं एक बारीक कडं निघालं. मी ते पँटीवर घासलं. तांबूस, फिकट, कळाहीन. आमच्याकडे सोनं म्हणजे हळदीसारखं पिवळंधमक. हे काय, पडद्याची पितळी कडी. डोक्यात तिडीकच गेली. आता ही घेऊन खुर्चीपर्यंत जा, ते पुसणार, बघणार, दहा मिनिटं गेली. आत काही कोरलंय का ते बघायला आतल्या बाजूचा चिखलसुद्धा मी काढला नाही. शेजारच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात भिरकावून दिली आणि आजोबांना हात हलवून सांगितलं, काही नाही.

फराळाला वीसेक माणसं होती. मित्राच्या बायकोला लग्नाच्या वाढदिवसाची भेट मिळाली होती, ती बोट पुढे करून सगळ्यांना दाखवत होती. "इथल्या दुकानातनं घेतलीय. गोल्डच आहे हं! पण इथे सगळं फोर्टीन कॅरट, त्यामुळे तांबूस दिसतं. आई फोटो बघून म्हणाली, जावयाने पितळेची दिली की काय!" सगळे हसले. आणि कुणीतरी मला म्हणालं, "तुम्ही सांगा, तुम्ही एक्स्पर्ट." मी अंगठी हातात घेतली. तोच रंग, तीच जाडी. मी "छान आहे" म्हणालो आणि हातातली चकली तशीच ताटात ठेवली.

परतीच्या ट्रेनमध्ये मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, मग त्यांना सांग ना! आज, आत्ता. ते मशीन घेऊन येतील."

"तीच होती कशावरून?"

"तीच नव्हती तर तू असा का बसलायस?"

मी तिच्यावर खेकसलो. डब्यातली माणसं वळून बघायला लागली तेव्हा गप्प झालो.

रविवारी सकाळी मी सायकल काढून एकटाच तिथे गेलो. सगळे खड्डे सारखेच दिसत होते. डिटेक्टर आजोबांकडे होता, आणि मागायचा तर कारण सांगावं लागलं असतं. मी बाह्या सरसावून चार-पाच खड्ड्यांत हात घालून चाचपलं. हाताला मुळं लागली, चिखल लागला. पुढच्या शनिवारी मी आणि आजोबा गेलो तर तो सगळा पट्टा यंत्रांनी बुजवून सपाट केला होता.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. वाक्य मी तयार केलं होतं, इंग्रजीतून, ऑफिसातल्या ईमेलसारखं नीट. पण आजोबांनी मला थर्मासमधली कॉफी ओतून दिली आणि तिथे काम करणाऱ्या माणसाला अभिमानाने सांगितलं, "याच्या घरची सोन्याची पेढी आहे. याच्या नजरेतून काही सुटायचं नाही." मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी माझं तोंड उघडलं नाही. म्हातारा मला काय म्हणेल याची भीती नव्हती. मला पारख नाही हे कबूल करायचं जिवावर येत होतं. एवढंसं ते कारण, आणि त्यापायी मी आणखी चार शनिवार उरलेल्या जागेत तो डिटेक्टर फिरवत राहिलो, प्रत्येक झाकण इमानाने बादलीत टाकत राहिलो.

त्यातल्या शेवटच्या शनिवारी जागा संपली. आजोबांनी शेवटची बादली बघितली, फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि बराच वेळ माळाकडे बघत बसले.

"म्हणजे इथे नव्हतीच," ते म्हणाले. "असती तर तुला सापडली असती."



"चाळीस वर्षं मी तिला खोटारडी म्हणालो. ती गेल्यावर वाटायला लागलं, आपणच चुकलो असू. देवाशप्पथ सांगतो, आपणच चुकलेलं असावं असं मला वाटत होतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण तिनेच फेकली होती. हो ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते मला पाठ होतं.

"असेल," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग खुर्चीचा आधार घेत उठले, माझा चिखलाने भरलेला हात दोन्ही हातांत धरला आणि एवढे शनिवार दिल्याबद्दल माझे आभार मानले. मी ते घेतले.