शोभावहिनींचा भाजलेला हात

मंडळी, दुपारी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

ओतूरला आमच्या शेजारी शोभावहिनी राहतात. त्यांच्या यजमानांना, म्हणजे आमच्या दादांना, कॅन्सर आहे. ते अंथरुणावरच असतात. आज मी भेटायला गेले, तर आधीच चारपाच पाहुणे बसलेले. वहिनी सगळ्यांना चहा देत होत्या.

माझ्यासमोर कप धरताना त्यांचा पदर सरकला आणि मी ओरडलेच. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजलेला. जखम चिघळून पू झालेला!

"वहिनी, हे कधी झालं?"

"झालं परवा. पाव्हण्यांसाठी चहा उतरवताना पातेलं सटकलं."

"मग दवाखान्यात नाही गेलात?"

"यांना एकटं टाकून कशी जाऊ, ताई? माणसं लई येत्यात, पण यांच्यापाशी जरा बसा असं म्हणायचं कुणाला?"

मी कप खाली ठेवला.

बसलेल्या एका काकांना म्हटलं, "तुम्ही दादांजवळ थांबा," आणि वहिनींना स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर आम्हाला खूप रागावले. पट्टी बांधून होईपर्यंत वहिनी बाकावर बसल्या बसल्या झोपी गेल्या होत्या. त्यांना उठवायचं माझ्या जिवावर आलं.

संध्याकाळी आम्ही गल्लीतल्या बायकांनी पाळ्या ठरवल्या. रोज दुपारी एकीने दादांजवळ बसायचं आणि एका घरून दोघांचा डबा जायचा.

तुमच्या ओळखीत कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर त्याची सेवा करणाऱ्या माणसाकडे तुम्ही कधी नीट पाहिलंय का?