चौक पुरा होईस्तोवर

माघातली सकाळ. दव इतकं पडलेलं, की कुडाच्या घरावरचं गवत पाऊस पडून गेल्यासारखं ठिबकत होतं. वारा पश्चिमेचा, म्हणून बोईसरकडच्या कंपन्यांचा आंबूस उग्र वास टेकडी चढून पाड्यात येऊन बसला होता. अशा सकाळी पाड्यातली कुत्रीसुद्धा नाक पोटात खुपसून पडतात. नवसी मात्र शेणाची पाटी डोक्यावर घेऊन माळावरच्या राबाकडं चालली होती. पावसाळ्यात रोपं टाकायची ती जागा आधी भाजून काढावी लागते. खाली शेण, त्यावर ऐनाच्या फांद्या, वर वाळक्या पानांचा पातेरा, शेवटी मातीचा थर. आणि उन्हं तापली की काडी लावायची. हे काम दोघांचं. यंदा ती एकटीच करत होती.

घरातून खोकल्याचा आवाज आला तशी ती थांबली. खोकला संपेपर्यंत पाटी डोक्यावर धरून तशीच उभी राहिली. संपला, मग पुढं चालू लागली. गेल्या दिवाळीपासून तिला ही खोडच लागली होती.

खोकणारा तिचा नवरा, जिवल्या. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यानं एका कंपनीत ड्रम धुवायचं काम केलं, तेही ठेकेदाराच्या हाताखाली. ड्रमात आधी काय होतं हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही कधी विचारलं नाही. आता छातीचा भाता फाटला होता. पालघरच्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून पाहिला आणि सांगितलं, घरी न्या, खाऊ वाटेल ते द्या. मुलगा प्रदीप सालवडला भाड्याच्या खोलीत राहून त्याच कंपन्यांमध्ये पाळ्या करायचा. घरी सून होती, सपना. कामाला वाघीण आणि तोंडाला तिखट.

नवसीचा हात चौकाचा. लग्नघराच्या गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवचौक काढायचा आणि मधोमध पालघट देवी बसवायची, हे वारल्यांत सवाशिणीचं काम. नवरा जिवंत आहे अशाच बाईनं ते करायचं. आजूबाजूच्या पाड्यांत लग्न ठरलं की सुपारी फुटायच्या आधी नवसीला निरोप यायचा. तिची रेघ अशी सरळ यायची, की म्हाताऱ्या म्हणायच्या, हिच्या हाताला दोरी बांधलीय कुणीतरी. पण चौक टिकत नाही. लग्न झालं, पाऊस येऊन गेला, की घरची बाई शेणाचा हात फिरवून भिंत कोरी करते. नवसीला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. मात्र जिवल्याचा श्वास आखूड व्हायला लागला तसं तिच्या मनात एक वाईट, कुणाला सांगता येणार नाही असं काही वळवळायला लागलं. बांगड्या उतरतील त्या दिवशी हा हातही उतरेल. कुणी बोलणार नाही, कुणी हाकलणार नाही. निरोप दुसऱ्या घरी जाईल, एवढंच. आणि इतक्या वर्षांत काढलेल्यापैकी एकही चौक कुठं दाखवायला उरलेला नसेल.

अशातच तिच्या बहिणीचा मुलगा मिथुन मोटरसायकलवरून आला. हा हॉटेलांच्या भिंती रंगवत हिंडायचा.

"मावशे, पणजीला चल. कलाकारांची जत्रा हाय मोठी. एक बाई भिंत देतेय, तिला आख्खा चौक पायजे. मी काय चौक काढू? मना मिशा हायत."

"मिशा कापून टाक," सपना आतून बोलली.

"दगडाची भिंत, मावशे. रंग पक्का. तुजी नातवंडं म्हातारी होतील पन हालायचा नाय."

ओट्यावर तंबाखू मळत बायडी बसली होती. ती पाड्याची धवलेरी. लग्नं तिनं गाणी म्हणून लावायची आणि रीतीभातीतला शेवटचा शब्दही तिचाच. तिनं थुंकून विचारलं, "लगीन कोनाचा?"

"लगीन नाय, आजी. नुसता चौक."

"नवरी नाय, नवरा नाय, आन देवीला आवतन? जेवान तरी हाय का?"

सगळे हसले. नवसी हसली नाही. "मना नाय जमाचा," म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

दुपारी पेज भरवताना जिवल्यानंच विषय काढला.

"जा तू."

"तुना असा टाकून?"

"मी काय पळून जातंय?" हसायला गेला तर खोकला आला. तो ओसरल्यावर भिंतीकडं बघत म्हणाला, "मी हाय तवर काढून घे, नवसे. मंग कोन काढू देल तुना?"

पेजेचा चमचा तिच्या हातात तसाच राहिला. आपण चोरून लपवलेली वस्तू घरधन्यानं आपणहून काढून हातात द्यावी, तसं तिला झालं. ती गेली.

पणजीचं ऊन तिला फार वेगळं वाटलं. त्याला कसला वास नव्हता. घरं निळी, पिवळी, तांबडी; पायरीवर चित्र, कुंडीवर चित्र, कचऱ्याच्या डब्यावरसुद्धा मासोळ्या काढलेल्या. माणसं भरदिवसा हात हलवत फिरत होती आणि कुणी त्यांना कामाला का नाही गेलात म्हणून विचारत नव्हतं. समुद्र तिनं घराकडच्या दांडीला पाहिलेला. तिथं सुकट घ्यायला जायची. तिथला समुद्र होड्या ओढतो, जाळी फाडतो, बायकांशी भांडतो. इथला नुसता बसून होता.

भिंत देणारी बाई म्हणजे वैभवी नावाची पुण्याची पोरगी, मनाची मोकळी. नवसीला ताई म्हणायची आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसून जेवायची. मध्ये एक दिवस तिनं सगळ्या कलाकारांना गाडीत घालून घाटातल्या राखीव रानात नेलं. दारावर तिकीट काढलं.

"झाडं बगाला तिकीट?" नवसीनं विचारलं.

"आपल्याकडं झाड तोडलं तर दंड," मिथुन म्हणाला, "हितं बगितलं तरी दंड."

वाटाड्यानं ऐनाच्या खोडावर वाघाच्या नखांचे ओरखडे दाखवले. सगळ्यांनी फोन काढून फोटो घेतले. नवसीनं चप्पल काढली आणि हात जोडले. तिच्या माळावरही ऐन होते, पण वाघ आता पूजेच्या, शेंदूर फासलेल्या लाकडी पाटीवरच उरला होता. तिनं वाटाड्याला विचारलं, "हितली मान्सं कंच्या अंगाला ऱ्हातात?"

"त्यांना बाहेर वसवलंय, मावशी. कधीच."

रानात तिच्या फोनला रेंज नव्हती. सारा दिवस तिचा जीव टांगणीला लागलेला. मोठ्या रस्त्याला लागताच तिनं फोन लावायला सांगितला. मिथुननं सपनाच्या नंबराला कोंबड्याची बांग लावून दिली होती, म्हणजे नवसीला न वाचता कळावं. रोज सांजच्याला बोलणं व्हायचं. सपना फोन जिवल्याच्या कानाशी धरायची.

"किती झाला?" तो विचारायचा.

"कडा झाल्या चारी बाजूच्या. देवीचा आंग बी झाला."

"डोस्कं?"

"उंद्या."

मग नुसता श्वास ऐकू यायचा. करवतीनं ओलं लाकूड कापावं तसा. त्या दिवशी तो जास्तच अडकत होता. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आत्ताच निघावं. मग वाटलं, उद्या डोकं झालं की निघू.

तिच्या पाड्यात देवीचं डोकं शेवटी काढतात. अंग, हात, पाय, दागिना सगळं झालं तरी ती नुसती आकृती. डोकं टेकलं की ती आली. आणि हात लावलेली देवी बिनडोक्याची सोडायची नाही, त्याच बाईनं पुरी करायची.

सकाळी ती मचाणावर चढली. खाली वैभवी आणि चार बघे उभे. आधीचा रंग छान वाळला होता. नवसीनं बांबूची काडी चावून मऊ केली, पांढऱ्या रंगात बुडवली आणि देवीच्या मानेपाशी हात नेला. तेवढ्यात खाली स्टुलावरच्या पिशवीत कोंबडा आरवला.

बघे हसले. पणजीत कोंबडा!

नवसीचा हात भिंतीपासून बोटभर अंतरावर थांबला. सपना सकाळी कधी फोन करत नाही. सकाळी ती पाण्यावर असते. सकाळी सपनाचा फोन म्हणजे काय, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

रीत तिला ठाऊक होती. तिच्या चुलतसासूचा नवरा वसईकडं वीटभट्टीवर मेला आणि निरोप चार दिवसांनी आला. मधल्या दिवसांत त्या बाईनं एका लग्नाचा चौक काढला होता. चौक पुसायचा की ठेवायचा यावर पाडा बसला. बायडीनंच निवाडा दिला होता, की निरोप कानावर पडेस्तोवर बाई सवाशीण. चौक ठेवा.

कोंबडा आरवत होता.

"नवसीताई, फोन वाजतोय तुमचा. देऊ वर?"

"वाजू दे."

"घरून असेल."

"वाजू दे बोलली ना!" तिचा आवाज इतका कडक आला, की वैभवीनं पिशवीकडं नेलेला हात मागं घेतला.

नवसीनं काडी टेकवली. कोंबडा थांबला. तिनं अर्धा गोल वळवला तर पुन्हा आरवला. हात थोडा हलला आणि गोल डाव्या अंगाला किंचित बसला. तिनं तो तसाच पुढं नेला. आयुष्यात पहिल्यांदा तिची रेघ चुकली होती आणि ती दुरुस्त करायला थांबायचा धीर तिच्यात नव्हता. केस काढले. कोंबडा पुन्हा थांबला, आणि मग आरवलाच नाही. देवी पुरी झाली तेव्हा खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती खाली उतरली. हात न धुताच मिथुनला म्हणाली, "लाव घरी."

पलीकडं बायकांचं रडणं आधी ऐकू आलं, मग सपना. "आये! कठं हुतीस तू? आत्ता गेला गं बा, आत्ता ह्या घडीला."

"आत्ता?"

"मगाशी मी फोन केला तवा शुद्धीत हुता. त्यानंच कराला सांगला. बोलला, लाव तिला, बोलाचा हाय. दोनदा लावला. फोन कानाशी धरून बसला हुता. मी बोलली, उचलत नाय. तर बोलला, उचलंल, हात भरलं असतील तिचं."

नवसी स्टुलावर बसली. तिच्या दोन्ही हातांना पांढरा रंग होता. तो वाळून कातडी ओढू लागला होता.

"काय बोलाचा हुता?"

"नाय सांगला. तुनाच सांगाचा हुता."

मिथुननं तिला रेल्वेनं आणलं. प्रदीपनं दांडीच्या मासेवाल्यांकडून बर्फ आणून बापाला तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. घरभर बर्फाचा आणि मासळीचा वास. बायकांनी तिच्या बांगड्या दगडावर फोडल्या. रंग नखांच्या कडांत अजून होता. बायडीनं तिचा हात हातात घेऊन तो पाहिला.

"डोस्कं कवा काढला?"

"फोन यायच्या टायमाला."

"मंग तो जिता हुता. सवाशिणीचा हात हाय. चौक चोख." बायडीनं जमलेल्यांकडं मान फिरवली. "बगा, चौक पुरा होईस्तोवर थांबला बिचारा."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. जिवल्या किती शहाणा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. सपना तेवढी नवसीकडं टक लावून बघत होती. सगळे पांगल्यावर ती जवळ आली.

"आये, खरा सांग. फोन आयकू नाय आला तुना?"

नवसीनं तोंड उघडलं. त्याचेच शब्द बाहेर आले. "हात भरलं हुतं."

त्या दिवसापासून सपना सासूच्या ताटात भाकरी ठेवायची, ती तिच्या तोंडाकडं न बघता.

फाल्गुनात शेजारच्या तेजलचं लग्न आलं. निरोप सपनाला आला. नवसी लग्नघराच्या ओट्यावर बाहेर बसली आणि भिंतीवर काडी घासल्याचा आवाज ऐकत राहिली. सपनाची रेघ जाड येते. आवाजावरूनच तिला कळत होतं. कुणी तिला आत बोलावलं नाही, कुणी वाईटही बोललं नाही. चहा आणून दिला.

लग्नाला मिथुन आला होता. त्यानं फोन तिच्यापुढं धरला. "बग मावशे, तुजी भिंत. कुठकुठली मान्सं येतात फोटो काढाला. त्या बाईनं वर पत्रा पन टाकून दिला, पान्याचं भ्या नाय."

फोटोत टोपी घातलेलं एक जोडपं हसत उभं होतं. त्यांच्या डोक्यांच्या मधून देवी दिसत होती, डाव्या अंगाला कलून, कुणी हाक मारली म्हणून वळल्यासारखी.

"पुसता येल का?" नवसीनं विचारलं.

"काय?"

"ही भिंत. शेनाचा हात फिरवला तर?"

मिथुन हसला. "येडी का काय? तुना बोल्लो ना, पक्का रंग हाय. खरवडली तरी नाय जायाची."

तिनं फोन त्याला परत दिला आणि उठली. आत बायडीनं देवीचं गाणं सुरू केलं होतं. ऊन माळावर आलं होतं आणि वारा पुन्हा पश्चिमेचा फिरला होता. राबावर मातीचा थर द्यायचा राहिला होता; आता उशीर केला तर पातेरा उडून जाणार. घरी येऊन तिनं कुदळ आणि पाटी घेतली. दाराशी जरा उभी राहिली, सवयीनं. घरात काहीच आवाज नव्हता. मग ती माळाकडं निघाली, आणि बांधावरची माती खणून पाटीत भरू लागली.