कादंबऱ्यांच्या कपाटातून एक पुस्तक सोडवायला तेरखेड्याला

लोक प्रवासाला मन शांत करायला जातात, नवस फेडायला जातात, निदान फोटो काढायला तरी जातात. मी जानेवारीत धाराशिव जिल्ह्यात गेले ती भांडायला.

मी पुण्यात राहते आणि इंग्रजीतली माहितीपर पुस्तकं मराठीत आणते. मुखपृष्ठावर 'जिज्ञासू वाचकांसाठी' असं छापलेलं असतं, ती. जिज्ञासू वाचक हा प्राणी मी प्रत्यक्ष फारसा पाहिलेला नाही. पण प्रकाशक म्हणतात की तो आहे, आणि दर वर्षी सुमारे तीनशे प्रती घेतो. त्यातलं माझं एक पुस्तक बऱ्यापैकी चाललं: मीठ, काच, शाई, साबण, शोभेची दारू अशा दहा वस्तूंवर एका परदेशी प्राध्यापकाचे दहा लेख. दुसरी आवृत्ती शनिवारी छपाईला जायची होती. त्याच आठवड्यात तेरखेड्याच्या एका सार्वजनिक वाचनालयाचं पोस्टकार्ड आलं. 'आपले पुस्तक पारखीअंती आमच्याकडे कादंबऱ्यांच्या कपाटात लावण्यात आले आहे. कारण पान सत्त्याण्णव. कळावे.'

प्रकाशक पोट धरून हसले. मी बुधवारी सकाळी स्वारगेटला होते.

मी त्यांना सांगितलं की चूक आहे का ते तपासून येते. डायरीतही 'खातरजमा' असाच शब्द लिहिलाय. पण चूक तपासायला निघालेला माणूस सोबत अठरा पुस्तकांचं खोकं भेट म्हणून नेत नाही. भूगर्भशास्त्र, कीटक, भाषाविज्ञान, बाजाराचं अर्थशास्त्र, हाडं, नकाशे: माझ्याच कपाटातली, मीच निवडलेली. याला लाच म्हणतात हे मला तेव्हाही कळत होतं.

कुणाला जायचं असेल तर मार्ग सोपा आहे. पुण्याहून बार्शी, बार्शीहून येरमाळा, आणि येरमाळ्यापासून हमरस्त्यानं तेरखेडा पंधरा-वीस मिनिटांवर. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, खोक्यांना नाही. कंडक्टरनं खोकं हलवून पाहिलं आणि विचारलं, "काय हाय ह्यात?"

"पुस्तकं."

"मग मागं ठिवा. कोण न्हेतंय?"

बार्शीला गाडी बदलताना मिसळ खाल्ली. तिखट होती, चांगली होती, आणि तिच्यामुळे पुढचा तासभर मी पान सत्त्याण्णवचा विचार केला नाही. येरमाळ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना ज्वारी आणि हरभरा. फाट्यावर बायका हरभऱ्याचे डहाळे विकत होत्या. तेरखेडा जवळ आलं की रस्त्याच्या कडेला फटाक्यांची दुकानं सुरू होतात, रंगीत खोक्यांची. दिवाळी होऊन अडीच महिने झाले होते तरी उघडी. हे गाव फटाके बनवतं हे मला माहीत होतं. या रस्त्यानं मी आधी एकदा गेले होते, बसच्या खिडकीतून. हे लक्षात असू द्या, कारण माझ्या सगळ्या तज्ज्ञतेचा उगम ती खिडकी आहे.

वाचनालय पिठाच्या गिरणीच्या वर आहे. ग्रंथपाल बब्रुवान अण्णा, वय पासष्टच्या आसपास. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. त्यांनी खोकं पाहिलं, मला पाहिलं, आणि चहा सांगितला.

"तुमीच का त्या? या. म्हणलं एखादं पत्र तरी यील, तर माणूसच आलं."

मी म्हणाले की ते पुस्तक माहितीपर आहे, कादंबरी नाही, मागच्या पानावर वर्गवारीसुद्धा छापलीय.

"छापल्यालं दिसलं की," अण्णा म्हणाले. "तिकिटावर बी गावाचं नाव छापल्यालं असतंय. म्हणून माणूस त्याच गावाला उतरतंय असं न्हाय."

मग त्यांनी पारख म्हणजे काय ते सांगितलं. इथे कुठलंही माहितीचं पुस्तक आलं की थेट कपाटात जात नाही. आधी ते ज्याचं त्या धंद्यात आयुष्य गेलंय अशा माणसाकडे जातं. वाचता येत नसेल तर घरातलं कुणीतरी वाचून दाखवतं. तो सांगेल ते चिठ्ठीवर लिहून शेवटच्या पानाला चिकटवायचं. पास झालं तर डावीकडचं कपाट, माहितीचं. नापास झालं तर फेकायचं नाही, उजवीकडे कादंबऱ्यांत लावायचं. "शेवटी कुणीतरी मन लावून लिवल्यालं असतंय," अण्णा म्हणाले.

मी चिठ्ठ्या वाचत सुटले. भूजलाच्या पुस्तकावर विहिरी खोदणाऱ्या एका माणसाचा शेरा: 'दगडाचं बरोबर. पाण्याचं नशिबावर.' दुधाच्या रसायनावर खव्याच्या भट्टीवाल्याचा: 'म्हशीचं ठाऊक दिसतंय, जळणाचं न्हाय. पास.' बाजाराच्या अर्थशास्त्रावर भाजी विकणाऱ्या एका मावशींचा: 'ह्यानं एकदा बी बाजार केल्याला न्हाय.' ते उजवीकडे होतं, एका रहस्यकथेला टेकून. ताऱ्यांवरचं एक जाडजूड पुस्तक आठ महिने टेबलावर पडून होतं, कारण त्याची पारख कुणी करायची यावर वाचनालयाच्या समितीचं एकमत होत नव्हतं. तत्त्वज्ञानाचं पुस्तक एका मेंढपाळाकडे दिलं होतं. तो ते परत करत नव्हता.

मला हसू येत होतं, आणि हसताना एक गोष्ट टोचत होती. माझ्या धंद्यात पुस्तकाची पारख म्हणजे दुसऱ्या पुस्तकवाल्याला ते वाचायला देणं. तो चार ओळींत 'मौलिक' म्हणतो, आपण त्याच्या पुस्तकाला 'मौलिक' म्हणतो, आणि मीठ, काच, शाई जिथल्या तिथे राहतात.

माझं पुस्तक उजवीकडे वरून दुसऱ्या खणात होतं. चिठ्ठी: 'पान ९७. अशी खोली नसते. कौसल्या.'

आता कबुली. पान सत्त्याण्णववर शोभेच्या दारूच्या लेखात एक परिच्छेद आहे. मराठी वाचकाला जवळचं वाटावं म्हणून तिथे तेरखेड्याचा उल्लेख आहे: इथल्या कारागिरांच्या खोल्यांना एकच दार असतं, आणि वारा येऊन पूड उडू नये म्हणून तेही कामाच्या वेळी बंद ठेवतात. हे वाक्य मूळ प्राध्यापकाचं नाही. त्या बिचाऱ्याला तेरखेडा कुठे आहे हेही माहीत नाही. ते मी लिहिलं, पुण्यात, टेबलाशी बसून. वारा, पूड, दार: तर्कानं इतकं नीट जुळत होतं की विचारायची गरजच वाटली नाही. खाली टीप दिली नाही. दोन वर्षं ते त्याच्या नावावर चाललंय. एका परीक्षणात तर 'लेखकाची भारतीय तपशिलांवरची पकड' असं कौतुक झालं होतं. मी ते कात्रण जपून ठेवलंय.

रात्री अण्णांच्या घरी मुक्काम. गावात लॉज नाही, पण वाचनालयाचा पाहुणा म्हटल्यावर कुणी लॉजची चौकशी करू देत नाही. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, डाळ घालून केलेली हरभऱ्याची भाजी. अण्णांच्या बायकोनं, काकूंनी, विचारलं, "पुस्तकासाठी एवढं लांब आलाव व्हय?" मी हो म्हणाले. त्यांनी आणखी एक भाकरी वाढली, आजारी माणसाला वाढतात तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मला कौसल्याबाईंकडे घेऊन गेले. पंचावन्नच्या असतील. लग्न होऊन आल्यापासून त्या दारूकामात आहेत. कामाच्या खोल्या गावाबाहेर माळावर, एकमेकींपासून लांब लांब. त्या दिवशी काम बंद होतं आणि खोली झाडून पुसून रिकामी होती, म्हणूनच मला जवळ जाऊ दिलं. तरी चपला आणि मोबाईल शंभर पावलांवर ठेवायला लावले. मग त्यांनी माझ्या कुर्त्याची बाही चिमटीत धरली.

"हे कसलं हाय?"

"मिक्स असेल. थोडं पॉलिस्टर."

"रिकामी हाय म्हणून बरं, असलं कापड ठिणगी धरतंय. कामाच्या दिवशी सुती नेसून आल्याबिगर उंबऱ्यात न्हाय." अण्णांकडे वळून म्हणाल्या, "ह्यांनीच लिवलंय व्हय, दारूवर?"

"व्हय," अण्णा म्हणाले. त्यांना मजा येत होती.

खोली लहान होती, वर हलका पत्रा. समोर एक दार, त्याच्या बरोबर समोरच्या भिंतीत दुसरं. दोन्ही बाहेरच्या बाजूला उघडणारी, आणि कड्या कुठेच नाहीत. मी तरीही वाद घातला. म्हणाले, "पण वाऱ्यानं पूड उडत असेल ना?"

"उडती की. म्हणून तर पहाटं करतो, वारं पडल्यावर. खाली ओलं पोतं आंथरतो." मग त्यांनी दोन्ही दारांकडे पाहिलं. "बरं, तुमच्या पुस्तकातली खोली करू. अय सुनीता, इकडं या गं."

त्यांची सून सुनीता आणि शेजारच्या दोघी आल्या. हे पुस्तक सुनीतानंच कौसल्याबाईंना वाचून दाखवलं होतं. कौसल्याबाईंनी मागचं दार लावून बाहेरून दगड टेकवला. मला सगळ्यात आत, भिंतीपाशी मांडी घालून बसवलं. माझ्या आणि दाराच्या मध्ये त्या तिघी, रोज कामाला बसतात तशा. मग बाहेर जाऊन पुढचंही दार लोटलं. अंधार झाला. बाहेरून त्या म्हणाल्या, "टाळी वाजली की भाईर या. घाई करू नका, कायबी पेटल्यालं न्हाय."

टाळी वाजली. मी उठताना ओढणी सुनीताच्या गुडघ्याखाली अडकली. तिला ओलांडायला गेले तर पुढची उठत होती, तिचं डोकं माझ्या हनुवटीला लागलं. सगळ्या हसत होत्या, मीही हसत होते. दार चाचपडत ढकललं. डोळ्यांवर ऊन आलं तेव्हा मी ओणवी होते आणि एक गुडघा खरचटला होता.

कौसल्याबाई हसत नव्हत्या. त्यांनी उजव्या हाताचा पदर मागे सारला. कोपरापासून खांद्यापर्यंत कातडी चकाकत होती, सुरकुतल्या कागदासारखी.

"नवी नवरी होते मी, तवा खोली पेटली. मागच्या दारानं एवढं घिऊन भाईर आले. तुमच्या खोलीत असते तर आज पुस्तक कुणी ऐकलं असतं?"

माझ्याकडे बोलण्यासारखं जे होतं ते सगळं पान सत्त्याण्णववर आधीच छापून झालं होतं.

परतताना अण्णा म्हणाले, "एक सांगू का ताई, राग नका मानू. कादंबऱ्यांत लावल्यापासनं तुमचं पुस्तक लई फिरतंय. बाया म्हणत्यात, गोष्ट भारी हाय. त्या साबणाच्या लेखात तर एकीला रडू आलं म्हणं."

साबणाचा लेख मी जसाच्या तसा आणलाय. तो रडवणारा आहे हे मला माहीत नव्हतं.

दुपारी वाचनालयात बसून प्रकाशकांना फोन केला. म्हटलं, पान बदला.

"आता? छपाईचे फॉर्म तयार आहेत. आणि मला सांगा, तेरखेड्यात किती प्रती गेल्या?"

"एक."

"बघा म्हणजे."

मग त्यांनी मधला मार्ग काढला. ते वाक्य गुपचूप काढून टाकू, जागा भरायला एक चित्र. कुणाला कळणारही नाही. इथे मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. त्यांच्याकडून मला पुढचं पुस्तक मिळणार होतं, महासागरांवरचं, चारशे पानांचं. 'हा परिच्छेद लेखकाचा नसून अनुवादिकेनं न पाहता लिहिला होता' अशी टीप छापली तर ते माझ्याकडे येईल का, हा हिशोब मी खरंच करत होते. समोर उजवीकडचं कपाट होतं. अण्णा मुद्दाम दुसरीकडे बघत खोक्यातली अठरा पुस्तकं काढत होते आणि स्वतःशीच पुटपुटत होते, हाडं कुणाकडं, नकाशे कुणाकडं.

गुपचूप काढलं असतं तर पहिल्या आवृत्तीची प्रत ज्यांच्या घरात आहे त्यांच्याकडे ती खोली तशीच राहिली असती, एका दाराची. मी म्हणाले, "टीप हवी. माझ्या नावानं. दोन दारं, बाहेर उघडणारी, कड्या नाहीत, हेही त्यात."

ते म्हणाले, "तुम्हाला उन्हात जास्त वेळ बसायची सवय नाही."

परतीच्या वाटेवर येरमाळ्याला कुंथलगिरीचे पेढे घेतले. वाटेवर असाल तर घ्याच, भाजक्या खव्याचा वास पिशवीतून पुण्यापर्यंत येतो. बार्शीची गाडी पाऊण तास उशिरा आली. गुडघा आठवडाभर दुखला.

आवृत्ती नऊ दिवस उशिरा निघाली, टिपेसकट. एका परीक्षकानं 'अनुवादाच्या विश्वासार्हतेवर प्रश्नचिन्ह' असं लिहिलं. ते बरोबर आहे, म्हणून त्याचंही कात्रण ठेवलंय. महासागरांचं पुस्तक दुसऱ्या कुणाकडे गेलं. त्या व्यक्तीनं महासागर पाहिलाय का हे मी विचारलेलं नाही. माझ्या बाकीच्या अनुवादांत मी टेबलाशी बसून आणखी किती खोल्या बांधल्यात, ते शोधायला मात्र बसले आहे. आतापर्यंत चार सापडल्या.

नवी प्रत मी तेरखेड्याला पोस्टानं पाठवली. मार्चमध्ये अण्णांचा फोन आला.

"झालं ताई तुमचं काम. डावीकडं लावलं. दीड महिना झाला, कुणी हात लावल्याला न्हाय. जुनी प्रत मागत्यात सगळी, तिच्यात बी तुमची टीप चिकटवलीय म्या."

मी विचारलं, नव्या प्रतीवरच्या चिठ्ठीत कौसल्याबाईंनी काय सांगितलंय. चष्मा शोधायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी वाचून दाखवलं.

"पान सत्त्याण्णव. खोली बरोबर हाय. माणूस भाईर येतंय."