हिचे मामा आणि आमची लाकडी गॅलरी

जगातलं कुठलंही लाकूड माणसाला दगा द्यायची वाटच बघत असतं, अशी हिच्या मामांची पक्की समजूत होती. लोखंडावर त्यांचा विश्वास होता, कारण एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात देखभाल खात्यात उभा जन्म गेलेला. पण लाकूड म्हटलं की कपाळाला आठी. कुणाकडे गेले की आधी खुर्ची गदागदा हलवायची, मग उलटी करायची, खालून सांधे बघून "हं" म्हणायचं आणि शेवटी जमिनीवर मांडी घालून बसायचं. नात्यातल्या एका लग्नात तर ऐन मंगलाष्टकांत ते स्टेजखाली शिरले. नवरीच्या बहिणींना वाटलं, नवरदेवाचे बूट राखायला म्हातारा बसवलाय. त्या वाकून वाकून बूट मागू लागल्या आणि हे त्यांना वाळवी कशी ओळखायची ते समजावू लागले. जेवणाच्या पंगती उठल्या तरी व्याख्यान चालूच होतं.

अशा माणसाच्या भाचीने गंगापूर रोडला घर बांधताना मागच्या अंगाला लाकडी गॅलरी काढावी, हे माझं नशीब. मागे जमीन उतरती, त्यामुळे गॅलरी खांबांवर उभी, आणि खालून माणूस सहज फिरेल एवढी उंच. समोर त्या वेळी द्राक्षांचे मळे होते. हिला तिथे झोपाळ्यावर बसून चहा प्यायचा होता. चहा राहिला बाजूला, दर रविवारी नाशिकरोडहून बसने मामा यायला लागले. कापडी पिशवीत हातोडी, स्क्रू ड्रायव्हर आणि बॅटरी. मी पेपर उघडला की हाक आलीच, "जावईबापू, खाली या जरा!" मग ते वाशावर हातोडी ठोकणार आणि मी कान लावणार. "काय ऐकू आलं?" मला सगळंच सारखं ऐकू यायचं. लवकर सुटका व्हावी म्हणून मी एकदा प्रत्येक ठोक्याला "भद्द" म्हणत गेलो. मामा थांबले. म्हणाले, "हा वासा ठणठणीत आहे. तुम्हाला लाकडातलं ओ की ठो कळत नाही." अरे, नाही कळत! पण म्हणून वर्षानुवर्षं माझे रविवार वाशाखाली घालवायचे? खरं सांगतो, कंटाळलो होतो मी. मामांचा राग येत नव्हता, नुसता थकवा येत होता.

मग आमच्या लेकीचं, मनूचं डोहाळजेवण ठरलं. ती लहानपणापासून त्याच झोपाळ्यावर वाढलेली, अभ्यास तिथे, रुसवेफुगवे तिथे. लग्नानंतर बरंच थांबून तिला दिवस गेले होते, त्यातही पहिले महिने अंथरुणातच गेलेले. सातव्या महिन्यात डॉक्टर "आता हरकत नाही" म्हणाले तेव्हा पोरीने एकच हट्ट धरला. झोपाळा आमच्या गॅलरीतलाच हवा. ही मामांना म्हणाली, "मामा, एवढं एकदा नीट बघून द्या." झालं! मामा आदल्या दिवशीच मुक्कामाला आले.

त्यांच्या मते ठोकून बघणं पुरेसं नव्हतं, भार ठेवून बघायला हवा होता. आमचे व्याही सटाण्याचे, कांदेवाले. दरवर्षी घरच्या कांद्याच्या गोण्या पाठवायचे. मामांनी माझ्याकडून त्या सगळ्या गॅलरीत ओढून घेतल्या आणि प्रत्येक पाहुणीच्या जागी एकेक मांडली. सर्वांत भरलेली गोणी झोपाळ्यात. ही तोवर झोपाळ्याला झेंडूच्या माळा बांधून मोकळी झाली होती, त्यामुळे ती गोणीच डोहाळकरीण दिसायला लागली. आणि नेमक्या त्याच वेळी विहीणबाई येऊन पोचल्या. अंगाने भारदस्त बाई. त्यांनी आपल्याच शेतातला कांदा फुलांत बसलेला पाहिला आणि हिच्याकडे वळून विचारलं, "ओटी हिची भरायची का?" एवढ्यावर निभावलं असतं. पण मामा हात जोडून पुढे झाले, "ताई, राग मानू नका, आपलं वजन किती असेल?"

"मी काय कांदानी गोणी शे का?" विहीणबाई अहिराणीत कडाडल्या. ही स्वयंपाकघरात पळाली. मनू मात्र पोट धरून हसत सुटली, आणि तिचं पाहून शेवटी विहीणबाईही हसल्या. इतक्या महिन्यांनी सून हसताना दिसली होती त्यांना.

गोण्यांचा भार गॅलरीने झेलला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला खाली नेलं. झोपाळ्याच्या खांबाखालच्या वाशात त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टोचला आणि तो लोण्यात शिरावा तसा आत गेला. या वेळी मला कान लावावा लागला नाही. "रद्द करा," मामा म्हणाले. मी वर पाहिलं. हिरवी साडी नेसून मनू गॅलरीच्या दारात उभी होती, आणि आमचे चेहरे बघून तिचा चेहरा उतरत चालला होता. मामांनीही ते पाहिलं. मग स्वतः जाऊन जवळच्या बांधकामावरून लोखंडी टेकू घेऊन आले आणि वाशाखाली असे ठोकून बसवले की वर हत्ती झुलला असता. त्यांनी स्वतः झोपाळ्यात बसून झोके घेतले, मलाही बसवलं, आणि मगच मनूला म्हणाले, "बस बाळा, खुशाल बस."

मामा आता नाहीत. गॅलरीही नाही, तिथे आम्ही स्लॅब टाकला. निर्धास्त बसता येतं, पण तिथे कुणी फारसं बसत नाही.

त्या दिवशी गाणी सुरू झाली, वाट्या ओळखून झाल्या, पेढा निघाला म्हणून बायकांनी एकच गिल्ला केला. जेवणाची पानं मांडली तरी मामांचा पत्ता नाही. शोधत मी खाली गेलो. मामा झोपाळ्याच्या बरोबर खाली, दोन्ही तळहात वाशाला लावून उभे होते. वर झोका गेला की ते तळहात आणखी जोराने रेटत. सदरा घामाने भिजलेला.

"मामा, टेकू आहेत ना?"

"आहेत."

"मजबूत आहेत ना?"

"एकदम."

"मग चला जेवायला. दमलात तुम्ही."

"पोर वर आहे हो, जावईबापू," ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि माझेही हात वाशाला लावले. मामांनी माझ्याकडे तिरपं पाहिलं.

"तुमच्या हातांनी काय होणार आहे?"

मी हात काढायला लागलो.

"असू द्या," ते म्हणाले. "काढू नका."