टाइल्सवर लिहिणाऱ्या वहिनी

आमच्या समोरच्या वहिनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहायच्या. ओट्यामागच्या पांढऱ्या टाइल्सवर मार्करने दिवसाची यादी: पाणी भरणे, अपूर्णांक, सासूबाईंची गोळी, डाळ भिजत घालणे, इंग्रजीचा धडा, कपडे. काम झालं की ओल्या बोटाने पुसायच्या. "कागद हरवतो गं, भिंत कुठे जात नाही," म्हणायच्या.

हेंद्रेपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मुलीला शाळेतून काढून घरी शिकवणाऱ्या त्या एकट्याच. सई बोलताना अडखळायची. वर्गातली पोरं नक्कल करायची, शेवटी तिने शाळेत तोंड उघडणंच बंद केलं. "घरात बसून कोण शिकलंय?" सासूबाई अधूनमधून ऐकवायच्या. वहिनींचे यजमान, आमचे भाऊ, अंबरनाथच्या कारखान्यात शिफ्टला. घरी असले तर झोपलेले असायचे.

सकाळी यादी सईने मोठ्याने वाचायची, असा नियम होता. तेव्हा वहिनी मुद्दाम तिच्याकडे पाठ करून भाजी चिरायच्या. "मी बघितलं नाही की तिची जीभ सुटते," असं त्यांनी मला हळूच सांगितलं होतं. 'अपूर्णांक' यायला बराच वेळ लागायचा. तोवर सुरी चालूच असायची.

मग सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि अंथरुणाला खिळल्या. नळाच्या पाण्याचा भरवसा नाही, त्यात रोजच्या चादरी, भरवणं, पुसणं. यादी पार खिडकीपर्यंत गेली. एका सकाळी मी विरजण मागायला गेले, तर कुकर शिट्ट्या मारत होता, आतून सासूबाई हाका मारत होत्या आणि सई एका शब्दावर अडकली होती. वहिनी गर्रकन वळल्या.

"पटकन बोल ना गं! मला दुसरी कामं नाहीत का?"

त्यानंतर सई कित्येक दिवस बोललीच नाही. काही हवं असलं तर बोट दाखवायची. जिन्यात भेटल्यावर वहिनी म्हणाल्या, "वर्गातल्या पोरांत आणि माझ्यात काय फरक राहिला? इतकी दमलेय ना, मला माझाच आवाज ओळखू येईना."

त्याच दुपारी त्यांनी अख्खी भिंत पुसून काढली. भाऊंना उठवलं. "आईंचं आणि पाण्याचं आजपासून तुम्ही बघायचं." भाऊ डोळे चोळत "बरं" म्हणाले, आणि खरंच बघू लागले. भिंतीवर दोनच गोष्टी उरल्या: वरणभात आणि सईचा अभ्यास. घर पसरलेलं असायचं. कपड्यांच्या ढिगाशेजारी बसून मायलेकी गणितं सोडवायच्या. सई पुन्हा बोलली ती आधी आजीशी. "आजी, पा... पाणी देऊ?" आजीने घाई केली नाही. तिला तरी कुठे जायचं होतं?

आठवीच्या वर्षी सई आपणहून म्हणाली, "मी शाळेत जाते." दुसऱ्या शाळेत नाव घातलं. पहिल्या दिवशी तिला सोडून वहिनी थेट माझ्याकडे आल्या. "वर्गात माझं नाव मीच सांगेन म्हणाली. कितीही वेळ लागू दे." मी चहा टाकून बाहेर आले, तर त्या बसल्या बसल्या झोपल्या होत्या. मान कलंडलेली, खांद्याला पर्स तशीच. मी पंखा लावला.

शाळा सुटायची वेळ झाली तरी मला त्यांना उठववेना. सईला आणायला मीच गेले. गेटमधून पोरांचा लोंढा बाहेर पडत होता. त्यात ती दिसली.

"का... काकू, आई कुठंय?"

"झोपलीय गं."

आजूबाजूची पोरं ऐकत होती. सईने आवाज खाली केला नाही.

"झो... झोपू दे," ती म्हणाली.